मोरीचा मान

माळेपाडा, शीळफाट्याजवळ
११ एप्रिल २०२४

दादा,

नमस्कार. मोठ्या भावाला साष्टांग लिहायची आपल्या घरची पद्धत आहे, पण साष्टांग घालायला जमीन लागते आणि आपली जमीन आता तुझ्या बिल्डिंगीखाली आहे. तेव्हा उभ्यानेच नमस्कार घे.

इकडे सगळं ठीक. आबा बरे आहेत. न्हाणीत पडल्यापासून जसे आहेत तसे आहेत. मी कोपरचं घर ह्यांच्यावर आणि सासूबाईंवर सोपवून सध्या इकडेच राहतेय, शाळेच्या ऑफिसातही इथूनच जाते. उकाडा मरणाचा आहे. तुम्हाला एसीत कळणार नाही म्हणून सांगितलं.

आता तू म्हणशील, या जमान्यात पत्र कसलं? तर फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, आणि ‘माळेपाडा परिवार’ ग्रुपवरून मला काढलं तेही तूच, ॲडमिन म्हणून. मग राहिलं काय? तळ्याच्या या काठावरून त्या काठावर पत्र पाठवणारी मी या गावातली पहिलीच बाई असेन. तुझ्या गेटवरच्या वॉचमनने विचारलं, “कौनसा पार्सल है?” मी म्हटलं, “भाई के लिए चिठ्ठी है.” त्याने बराच वेळ ॲपमध्ये शोधलं आणि शेवटी ‘डॉक्युमेंट’ असं दाबलं. शाळेतून पालकांना पत्रं लिहिण्यात माझी हयात गेली, त्यामुळे नीट शब्दांत रागवायची मला सवय आहे. निवांत बसून वाच.

तुमच्या तलाव सुशोभीकरण समितीचा अहवाल शाळेच्या भिंतीवर लागलाय. खाली सह्यांत तुझी सही, ‘श्री. साईनाथ धोंडीबा पाटील, सेक्रेटरी, नीलसर हाइट्स’. अहवाल म्हणतो की माळेपाड्याचं तळं निसर्गतः आटत चाललं आहे. उन्हाचा कडाका वाढला, पाऊस लहरी झाला, सगळ्या जगाचं हवामान बदललं. त्याला कोण काय करणार? तेव्हा तळ्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग भरून घ्यावा आणि तिथे पाहुण्यांच्या गाड्यांसाठी पार्किंग करावं. सुनावणी दहा जूनला, शाळेच्या हॉलमध्ये.

वाचून डोक्यात तिडीक गेली दादा. तोही अहवाल माझ्याच शाळेच्या भिंतीवर.

ऊन काय फक्त आपल्याच तळ्यावर पडतं? डोंगराच्या पलीकडे दहिसरपाड्याचं तळं आपल्या निम्म्यानेही नाही, उथळ आहे, काठाला एक झाड नाही. तिथे आजही म्हशी मानेपर्यंत पाण्यात बसतात. आपल्याकडे शिमग्यालाच काठचा तळ उघडा पडला. मग त्या उन्हाला पत्ता सांगून तुम्ही इकडे बोलावलंत का?

आणि पाऊस लहरी म्हणे. अरे, गेल्या श्रावणात तळं भरून सांडव्यावरून पाणी धो धो वाहत होतं. तुमच्या गेटसमोर गुडघाभर पाणी झालं, तुझी गाडी बंद पडली आणि आपल्याच गावातल्या पोरांनी ती ढकलली. एवढ्या लवकर विसरलास? डोंगरावरून येणारा ओहोळ तुमच्या ॲप्रोच रोडने एका पाइपात कोंबला, ते वेगळं भांडण आहे, ते मी सोडलेलं नाही. पण तरीही तळं भरलं होतं, आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तळ्याचा व्यवहार साधा असतो. वरून येतं, उन्हाने उडतं, खालून जातं. आलं होतं भरपूर. उडालं ते पलीकडच्या गावाइतकंच. मग राहिलं काय? जाणं. आपलं पाणी कुठेतरी जातंय, आणि तुमच्या अहवालात त्याबद्दल एक ओळ नाही.

कुठे जातंय ते मी सांगते. तुमच्या बेसमेंटमधले पंप. दिवसरात्र घूं घूं चालू असतात. तुम्हाला वरच्या मजल्यावर ऐकू येत नसेल, आम्हाला या काठावर जेवतानासुद्धा ऐकू येतं. त्या पंपांचं पाणी मी जाऊन पाहिलं. स्वच्छ पाणी आहे दादा, नितळ, आणि सरळ गटारात सोडलंय. तुम्ही तळ्याचं पाणी ओढून गटारात घालता आणि वर त्याचा दोष सूर्याला देता. आणि कमाल म्हणजे रोज सकाळी टँकर येतात आणि तळ्यात पाणी ओततात, तुमचं कारंजं उडावं म्हणून, गॅलरीतून ‘लेक व्ह्यू’ दिसावा म्हणून! सकाळी टँकरने तळ्यात, दिवसभर पंपाने गटारात. एवढी शिकलेली माणसं राहतात तुमच्याकडे, एकालाही हे विचित्र वाटत नाही?

पूर्वी या दिवसांत गाव मोरीच्या तयारीला लागलेलं असायचं. तुझ्या नीलला हे माहीत नसेल, त्याला वाचून दाखव. बांधाखालून दगडी मोरी जायची, तिच्यातून तळ्याचं पाणी खालच्या शेतांना मिळायचं. भात कापून झाला की वाल-भाजीसाठी मोरीचा बूच काढायचा, आणि मृग लागायच्या आधी नवा बूच ठोकून वर चिकणमाती लिंपायची. घरटी एक पाटी चिखल. पहिली पाटी आपल्या घराची, थोरल्या मुलाच्या हातची. तो मान आपला. तू मिसरूड फुटल्यावर पहिल्यांदा पाटी घेऊन उतरलास तेव्हा आईने तुझ्यावरून नारळ ओवाळला होता आणि तू चिखलातसुद्धा छाती काढून चालत होतास. शेतं विकली, तिथे टॉवर आले, तरी आबांनी लिंपणं सोडलं नव्हतं. तुमच्या समितीने ते बंद केलं. काठाच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या खराब होतात म्हणून. गेटला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे, तर मानकऱ्याच्याच घरी.

त्या गेटवर तो फोटो अजून चिकटवलेला आहे. कॅमेऱ्यातला, ‘अज्ञात वृद्ध इसम तलावात चिखल टाकताना’, खाली तुझी सही आणि दंडाची धमकी. उन्हाने पिवळा पडलाय. त्याबद्दल मी आज काही लिहिणार नाही.

पंप बंद करायला लाव आणि त्या अहवालावरची सही मागे घे. एवढंच मागणं आहे. वहिनीला नमस्कार, नीलला आशीर्वाद.

तुझी बहीण (अजून तरी),
विनिता


माळेपाडा
९ मे २०२४

दादा,

तुझं उत्तर मिळालं. सोसायटीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, शिक्का मारून. ‘महोदया, आपले पत्र प्राप्त झाले. पंपांचा तलावाच्या पातळीशी कोणताही संबंध नसल्याचे तज्ज्ञांचे मत आहे.’ महोदया! लहानपणी तू मला ‘ए भोपळे’ म्हणायचास. ते परवडलं.

आबा बरे आहेत. म्हणजे जेवतात.

पण आधी एक गोष्ट कबूल करते, कारण खोटं भांडण मला आवडत नाही. पंपांवर मी आळ घेतला तो चुकीचा होता. तुझे तज्ज्ञ अर्धे बरोबर निघाले. कसं ते सांगते, आणि ऐकून आधीच्या पत्रात मला आला होता तेवढाच राग तुलाही यावा अशी माझी इच्छा आहे.

परवा वहिनी आबांना बघायला आली होती. तुला ठाऊक नसेल, ती अधूनमधून येते, डब्यात आबांना चालेल अशी मऊ खिचडी आणते. बोलता बोलता हसायला लागली. म्हणाली, “वन्सं, आमच्याकडे नवीन नियम झालाय, बेसमेंटमध्ये मासे धुवायचे नाहीत.” आणि मोबाइलवर सूचना दाखवली. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, काही सभासद अथवा त्यांचे घरकामगार बेसमेंटमधील नळावर मासे साफ करत असल्याचे निदर्शनास आले आहे. पंपाच्या खड्ड्यात वारंवार मासे सापडत असून पंप नादुरुस्त होत आहेत. असे करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.’ सही, साईनाथ धोंडीबा पाटील.

शेजारची कमळाबाई काकू दारात लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली आणि विचारलं, “कंचे मासे गो?”

वहिनी म्हणाली, “प्लंबरने फोटो टाकलाय. बारीक, मिशावाले. बादलीत वळवळत होते.”

“वलवलत व्हते?” काकू म्हणाली. “जिते मासे कोन धुतंय गो?”

दादा, मी वहिनीच्या हातातून फोन ओढून घेतला. शिंगट्या होत्या. तळ्यातल्या शिंगट्या. ज्या तू आणि मी मोरीच्या तोंडाशी हात घालून पकडायचो आणि काटा लागला की तू रडायचास. आगऱ्याचा मुलगा तू. आयुष्यभर मासे खाल्लेस, पकडलेस, आणि तुझ्या पंपात जिवंत शिंगटी सापडली तर तुला काय सुचलं? कोणीतरी मोलकरीण धुतेय! एका बिचाऱ्या बाईला तुमच्या लोकांनी त्यावरून कामावरून काढलं म्हणे, वहिनी सांगत होती. तिने कुठले मासे धुतले, ते तरी विचारायचं होतंत. तुला लाज वाटली पाहिजे, आणि वाटत नसेल तर मी इथे बसून तुझ्या वाटची वाटून घेतेय.

दुसऱ्या दिवशी शाळेचं ऑफिस सुटल्यावर मी बांधावर गेले. रेलिंगच्या बाहेरून, पिंपळाखालच्या कोपऱ्यात, जिथे मोरीचं तोंड आहे तिथे बसून राहिले. वारा अजिबात नव्हता. तरी पाण्यावरची पिंपळाची पानं हळूहळू त्याच कोपऱ्याकडे येत होती. यायची, जागच्या जागी गिरकी घ्यायची आणि खाली जायची. एक गेलं की दुसरं. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. टँकरने सकाळी ओतलेलं पाणी माझ्यासमोर निघून चाललं होतं आणि बांधाच्या पलीकडे तुमचे पंप घूं घूं करत होते.

मोरी उघडी आहे दादा. सुशोभीकरणाच्या कंत्राटदाराने पोकलेन घालून गाळ काढला, तेव्हा गाळाबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचं लिंपण खरवडून नेलं. बूच उघडा पडला, उन्हाने सुकला, कुजला. आणि खाली मोरीची दगडी नाळ आपल्या शेतात जायची ती तुमच्या बिल्डरने बेसमेंट खणताना मधेच तोडली आणि वरून प्लास्टर मारून टाकलं. ते प्लास्टर किती दिवस धरणार? पाणी येतं तळ्यातून मोरीत, मोरीतून तुमच्या भिंतीत, भिंतीतून खड्ड्यात. पंप बिचारे आलेलं पाणी बाहेर फेकतात. ते चोर नाहीत. चोर कोणीच नाही, हीच तर चीड आहे! कंत्राटदाराला मोरी माहीत नव्हती. बिल्डरला माहीत असून नसल्यासारखी. तज्ज्ञांनी आकाशाकडे बघितलं, पायाखाली नाही. पण तू? तू तर त्या मोरीचा मानकरी. ती कुठून निघते, कुठे जाते, हे तुला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. एक माणूस होता त्या समितीत ज्याला हे कळायला हवं होतं, आणि त्याने कुलपाची किल्ली खिशात घातली आणि सही केली.

आपण सगळे त्या लिंपणाला मान म्हणत होतो. नारळ, ढोल, पहिली पाटी कोणाची, यावरून भांडणं. शेतं गेल्यावर ‘आता कशाला तो चिखल’ असं गावातही लोक म्हणायला लागले होते, म्हाताऱ्याची हौस म्हणून सोडून देत होते. आबा दरवर्षी तळं राखत होते आणि कोणाला पत्ता नव्हता.

तर आता ऐक. मृग लागायला अजून अवधी आहे. पाणी उतरलेलं आहे, मोरीचं तोंड गुडघाभर पाण्यात आहे, हात पोचतो. गेट उघड. ये. नवा बूच मी करून घेते, सुतार सांगून ठेवलाय. पहिली पाटी तू टाक, पुढचं गाव बघेल. पंप थांबले तर दहा जूनला शाळेच्या हॉलमध्ये कोणालाही अहवाल वाचावा लागणार नाही, सगळ्यांना कानाने कळेल की तळं आटत नव्हतं, गळत होतं. आणि एकदा का तळ्याचा अर्धा भाग भरला की मग बूच लावून काय करणार? मातीच्या ढिगाऱ्याखाली कोण हात घालणार?

मी वाट बघते. आबाही बघतात. ते बोलून दाखवत नाहीत.

विनिता


माळेपाडा
४ जून २०२४

दादा,

तुझा निरोप वॉचमनकडून मिळाला. ‘हिअरिंग के बाद देखेंगे, ऐसा बोला साब ने.’ हिअरिंगनंतर बघणार म्हणजे तळ्यात डंपर उतरल्यावर. चांगलं आहे. लग्न लागल्यावर मुलगी बघायला जायची तुझी ही नवी पद्धत आम्हाला झेपली नाही. म्हणून आम्ही थांबलो नाही.

रविवारी सकाळी मोरी लिंपली.

गेट फोडलं नाही, कुलूप तोडलं नाही. तुला कोणीतरी सांगितलंच असेल, मीच सांगते. किल्ली वहिनीने आणली. तुमच्या फ्रीजवरच्या टोपलीतून, तू जॉगिंगला गेलास तेव्हा. स्वतःच्या हाताने गेट उघडलं आणि पदर खोचून आत आली. डोंबिवलीत लहानाची मोठी झालेली मुलगी, लग्नाआधी चिखलात पाय घातला नसेल तिने. तिला एक शब्द बोललास तर मी पत्र लिहिणार नाही, स्वतः येईन.

पुरुष आले होते थोडे, पण काठावर उभे. नोकऱ्या, केसेस, दंड, प्रत्येकाला काही ना काही. बायका उतरल्या. बाभळीचा बूच, त्याला गुंडाळायला गोणपाट, पाट्यांमधून चिकणमाती. सगळं तयार. आणि मग कोणी पुढेच होईना! चिखलाच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका पायरीवर उभ्या, माना खाली वाकलेल्या, आणि सगळ्या थांबलेल्या. का? तर पहिली पाटी पाटलांच्या थोरल्या मुलाची. तो नाही तर मोरी कशी लिंपायची? मी कमळाबाई काकूला म्हटलं, “काकू, चल.” ती म्हणाली, “मान तुमचे घराचा हाय गो. आमी कसं हात लावावं?”

संताप संताप झाला माझा. तुझ्यावर, त्यांच्यावर, त्या मानावर. पाणी डोळ्यांसमोर भोकातून चाललंय आणि आम्ही पुरुष कोण येतो याची वाट बघतोय! आजवर बायकांनी काय केलं, तर चिखल कालवला, पाट्या उचलून दिल्या, आणि वरून ओवाळलं. चिखल आमचा, मान तुमचा. मी काकूच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली आणि म्हटलं, “घर तेच आहे ना? मग झालं.” आणि उतरले.

पाणी कोमट होतं. मोरीचं तोंड हाताला लागलं तसं कळलं, दादा. आत केवढी ओढ आहे! कोणीतरी पलीकडून मनगट धरून खेचावं तशी. मला एकदम भीती वाटली. मग आठवलं की पलीकडे तूच राहतोस, आणि रागाने बूच ठोकला. लाकूड आत गेलं, गोणपाट फुगलं, ओढ एकदम कमी झाली. वर मी पहिली पाटी ओतली, पायाने दाबली. मग वहिनी उतरली, मग काकू, मग सगळ्याच. तुमचा गार्ड शिट्ट्या फुंकत होता, गॅलऱ्यांमधून लोक मोबाइल धरून उभे होते. एक बाई वरून ओरडली, “ये क्या गंदगी कर रहे हो?” काकूने खालून ओरडून सांगितलं, “तुमचाच पानी अडवतंव, बाय!” ती बाई आत गेली.

ढोल नव्हता. नारळ मात्र फोडला. वहिनीने आणला होता, पिशवीत लपवून.

काल दुपारी आम्ही जेवत होतो आणि आबांनी हातातला घास तसाच धरून ठेवला. म्हणाले, “लाईट गेली कं?”

पंखा चालू होता. मी म्हटलं, “नाही आबा.”

“मंग आवाज का येत नाय?”

मीही थांबून ऐकलं. पिंपळावरचे कावळे ऐकू येत होते. कोणाच्या तरी घरातली मिक्सरची घरघर. बाकी काही नाही. तुमचे पंप बंद होते. खड्ड्यात पाणीच नाही तर पंप काय ओढणार? वहिनीने संध्याकाळी सांगितलं, तुमचा प्लंबर पंप बिघडला समजून उघडून बसला होता आणि त्याला बिघाड सापडत नव्हता. आज सकाळचा टँकर झाला आणि ओतलेलं पाणी अजून तिथेच आहे. दोन्ही काठांवरून दिसतं, तुझ्या गॅलरीतून तर छानच दिसेल.

मी आबांना म्हटलं, “मोरी बसली, आबा.”

त्यांनी विचारलं, “पयली पाटी कोनाची?”

“तुमच्या पोरीची.”

मला वाटलं आता रागावतात. त्यांनी हातातला घास खाल्ला, सावकाश चावला आणि विचारलं, “बूच कंचे लाकडाचा?”

“बाभळीचा.”

“मंग बरा.” एवढंच म्हणाले आणि आणखी भात मागितला. या वर्षभरात पहिल्यांदा.

आता ते लिहिते, जे दोन पत्रांत लिहिलं नाही.

आबा न्हाणीत पडले नव्हते.

गेल्या वर्षी तुम्ही गेटला कुलूप लावलंत आणि मृग जवळ आला. आबांनी तुला निरोप पाठवला होता, तू ‘बघतो’ म्हणालास. तू बघितलं नाहीस. मग एके दिवशी पहाटे, कोणाला न सांगता, ते स्वतःच निघाले. परतताना उन्हातून यावं लागेल म्हणून डोक्यावर टॉवेल. डोक्यावरच्या पाटीचं ओझं, गुडघे गेलेले, तरी रेलिंगखालून वाकून आत शिरले. एका पाटीने काय होणार, पण ती एक पाटी त्यांनी टाकली. परत चढताना तुमच्या ग्रॅनाइटच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला. खुबा मोडला. रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याने उचलून घरी आणलं. मी कोपरहून पोचले तेव्हा ते कॉटवर होते, पायांना चिखल तसाच, आणि त्यांनी आधी माझ्याकडून शपथ घेतली. “साईला सांगायचा नाय. त्याचे लोकांत त्याला लाज नको.” म्हणून न्हाणी. तू सफरचंदं घेऊन आलास, न्हाणीत रबरी मॅट घाला म्हणून सांगितलंस आणि गेलास. त्यानंतर ते कधी काठीनेसुद्धा बांधापर्यंत गेले नाहीत. मी का इथे राहते, ते आता तुला कळलं असेल.

आणि त्याच आठवड्यात तू तो फोटो गेटवर लावलास.

टॉवेलने चेहरा झाकलेला आहे, मान्य. चित्र धुरकट आहे, मान्य. पण दादा, उजवा खांदा पाडून चालणारा माणूस आपण लहानपणापासून पुढे बघत आलो. त्याच्या मागे मागे बांधावरून चालायला शिकलो. वहिनीने तो फोटो बघताक्षणी ओळखला होता. लग्न होऊन आलेली परकी मुलगी ओळखते. तुला ओळखता आलं नाही, की ओळखलंस आणि तरी सही केलीस? यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, ते मला स्वतःलाच ठरवता येत नाही. दोन्ही वाईट आहेत. आबांना मी हे विचारलं नाही, आणि तूही त्यांना कधी विचारू नकोस. त्यांनी तो फोटो पाहिलेला नाही. आजवर मी त्या रस्त्याने त्यांना रिक्षातूनही नेलं नाही, दवाखान्यालासुद्धा शीळफाट्याकडून वळसा घालून जातो.

माझी शपथ मी मोडली. आबा रागावतील तर रागावू देत. त्यांच्या लेकाची अब्रू राखायचं काम त्यांनी खूप केलं, मी करणार नाही.

दहा जूनला मी हॉलमध्ये पहिल्या रांगेत असेन. तुला मोठं भाषण करायला सांगत नाही. उभा राहा आणि समितीला सांग की तुमच्या बेसमेंटचे पंप बंद आहेत आणि का बंद आहेत. मोरीचं नाव घे. त्या मोलकरणीला परत बोलवा. मग पार्किंगच्या अहवालावरची सही राहते की जाते, तुझं तू बघ.

पण त्याआधी तो फोटो गेटवरून काढ. आणि काढायचा नसेल, तर राहू दे. फक्त ‘अज्ञात’ हा शब्द खोड आणि खाली लिही, धोंडीबा पाटील, सेक्रेटरींचे वडील.

मोरीची या वर्षीची मानकरी,
विनिता धोंडीबा पाटील